जुन्या झेन-एस्टीममध्ये मोठं इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत आणि धाराशिवपासून हिंगोलीपर्यंत, गॅरेजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून हेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच नीट मांडतो. आमच्याकडे या कामासाठी येणाऱ्या गाड्या बहुतेक मारुती झेन किंवा एस्टीम असतात, म्हणून भर त्यांच्यावर आहे. बाकी गाड्यांनाही कागदपत्रं, कूलिंग आणि ब्रेकची उत्तरं तशीच लागू पडतात. घाई असेल तर आधी प्रश्न ४ वाचा, मग वर या.

१. माझी '९८ ची झेन आहे. पूर्वीसारखी पळत नाही. मोठं इंजिन टाकावं का?

"पूर्वीसारखी" असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे तक्रार इंजिनाच्या आकाराची नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्यानंतर कार्बोरेटर, पेट्रोल फिल्टर, प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप. क्लच घसरतोय का हेही पाहा, कारण इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही तेव्हा लोक दोष इंजिनालाच देतात. ब्रेक जाम असणं हे आणखी एक कारण: सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाने सहज ढकलली गेली पाहिजे.

जुन्या झेनचं ९९३ सीसीचं इंजिन तब्येतीत असेल तर आजही मजा देतं. आमच्याकडे "इंजिन बदला" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या इंजिनाचं काम करून परत गेल्या, आणि मालक खूश आहेत.

२. झेन-एस्टीममध्ये कोणकोणती इंजिनं बसतात?

सुझुकीच्या जी मालिकेतली इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, म्हणून हा सगळा खेळ शक्य होतो. झेनमध्ये जी१०बी: ९९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६१. एस्टीममध्ये जी१३: १,२९८ सीसी, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. जुन्या बलेनोत, म्हणजे १९९९ च्या शेवटी आलेल्या सेदानमध्ये, जी१६बी: १,५९० सीसी, बोअर ७५, स्ट्रोक ९०. आजच्या हॅचबॅक बलेनोचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. फोनवर "बलेनोचं इंजिन आहे" असं कुणी म्हटलं तर आधी साल विचारा.

आकडे नीट पाहिले तर बोअर फारसा वाढलेला नाही, स्ट्रोक वाढलाय. स्ट्रोक वाढला की ब्लॉक उंच होतो. म्हणूनच १.३ झेनमध्ये तुलनेने सुखाने बसतं आणि १.६ बसवताना बॉनेट, एअर फिल्टर, एक्झॉस्ट सगळीकडे जागेची ओढाताण सुरू होते. एस्टीममध्ये १.६ साठी जागा बरी आहे, तरी फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारे माउंट) जुळवावीच लागतात.

जिप्सीचं १.३ स्वस्तात मिळतं म्हणून लोक विचारतात. इंजिन घराण्यातलंच आहे, पण जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं ओढतं. त्यामुळे ऑइल सम्प, मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, फाउंडेशन हे सगळं एस्टीमचं घालावं लागतं. मग स्वस्ताई संपते. पहिल्या स्विफ्टमधलं १.३ मात्र याच जातीचं आणि आडवं आहे. नंतरचं १.२ हे के मालिकेचं. तो वेगळाच विषय, आम्ही त्यात पडत नाही.

३. फरक किती पडेल? एस्टीमचं इंजिन टाकलं तर झेन दुप्पट पळेल का?

नाही. पण झेनमध्ये फरक खरोखर जाणवतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी झेन सुमारे ६० बीएचपीची (कार्बोरेटरवाली ५०), वजन साधारण ७६० किलो. म्हणजे टनाला ८० बीएचपीच्या आतबाहेर. सोळा व्हॉल्व्हवाल्या एस्टीमचं ८५ बीएचपीचं इंजिन घातलं आणि वजन ८०० धरलं, तर हा आकडा १०५ च्या वर जातो. पाचोडपुढे ट्रकांची रांग ओलांडताना हा फरक कळतो.

एस्टीममध्ये १.६ घालणाऱ्यांनी मात्र हिशेब नीट मांडावा. ८५ वरून ९४, म्हणजे नऊ बीएचपी. टॉर्क जास्त वाढतो, ११० न्यूटन मीटरच्या आसपासचा १३० च्या आसपास जातो, त्यामुळे गिअर कमी बदलावे लागतात. एवढ्यासाठी गाडी महिनाभर उघडी ठेवायची का? माझं मत विचाराल तर कार्बोरेटरवाल्या ६५ बीएचपीच्या एस्टीममध्ये हा खटाटोप समजू शकतो. ८५ वालीला चांगले टायर आणि ताजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर घाला, त्याच पैशात गाडी जास्त सुधारेल.

४. हे कायद्यात बसतं का? आरटीओत नोंद होते का?

सरळ उत्तर: रस्त्यावर चालवायच्या गाडीत मूळपेक्षा मोठ्या क्षमतेचं इंजिन घालणं कायद्यात बसत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या प्रकरणात हाच अर्थ लावला. आरसीवर सीसी लिहिलेली असते. ९९३ च्या जागी १,२९८ आलं की विसंगती तिथेच झाली. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द लक्षात ठेवा, कारण इंजिनासोबत सायलेन्सरही बदललेला असतो.

कायदा कुठे मोकळीक देतो? इंधन बदलायला. मान्यताप्राप्त किट बसवून पेट्रोलची गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेता येते, तीही ठरवून दिलेल्या अटींवर. म्हणजे झेनमधून इंजिन काढून मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवायला कागदोपत्री वाट आहे, आणि तिच्याच मोठ्या बहिणीचं पेट्रोल इंजिन घालायला नाही. मला हे विचित्र वाटतं, पण आहे ते असं आहे.

त्याच जातीचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न ६.

"आमच्या इथल्या आरटीओत ओळख आहे" हे वाक्य एमएच-२० पासून एमएच-५५ पर्यंत सगळीकडून ऐकतो. ओळखीने रांग लवकर सरकेल. कलम ५२ सरकणार नाही.

५. मग तुम्ही लोकांच्या गाड्यांत मोठी इंजिनं बसवता ती कशी?

दोन प्रकारची कामं घेतो. एक, मूळ जातीचंच इंजिन बदलणं, नोंदीसकट. दुसरं, फक्त ट्रॅकसाठी किंवा खाजगी आवारातल्या सरावासाठी ठेवलेली गाडी, जी ट्रेलरवरून जाते आणि ट्रेलरवरून येते. एस्टीम आणि जिप्सी अनेक वर्षं भारतीय रॅली आणि ट्रॅकवर धावल्या, त्यामुळे हे ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर तुमच्या वर्गात कोणते बदल चालतात ते आधी नियमावलीत वाचा. काम झाल्यावर वाचलं तर वर्ग बदलतो आणि तुम्ही दुप्पट ताकदीच्या गाड्यांमध्ये जाऊन बसता.

पुढची तांत्रिक उत्तरं याच दोन प्रकारांसाठी आहेत. रोज कॉलेजला न्यायच्या गाडीत १.६ घालून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो.

६. माझ्या एस्टीमचं इंजिन पार गेलंय. दुसऱ्या एस्टीमचं इंजिन टाकलं तर आरसीवर नंबर बदलून मिळतो का?

मिळतो, पण क्रम पाळावा लागतो. आधी तुमच्या आरटीओत अर्ज करून परवानगी, मग काम, मग गाडी नेऊन दाखवणं आणि नवा नंबर आरसीवर चढवून घेणं. आमच्याकडचे बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात आणि मग महिनोन्महिने फिरतात.

सोबत ठेवा: इंजिन विकत घेतल्याचं बिल, ज्यावर इंजिन नंबर स्पष्ट लिहिलेला आहे, ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद, तुमची आरसी, विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज चढवलेलं असेल तर बँकेची ना हरकत. निरीक्षक ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचतात, म्हणून जाण्याआधी तो भाग डिझेलने धुऊन स्वच्छ करा. गंजलेला, अर्धवट दिसणारा नंबर पाहिला की कुणालाही शंका येणारच.

मालिका आणि इंधनप्रणाली तीच ठेवा. कार्बोरेटरच्या एस्टीममध्ये सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय घातलं तर सीसी तीच राहते, तरी ते मूळ तपशिलातलं इंजिन नव्हे. असं प्रकरण असेल तर तोंडी उत्तरावर विसंबू नका, लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

७. मिस्त्री म्हणतो, जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो, कुणाला कळणार नाही.

त्या गॅरेजमधून गाडी आजच बाहेर काढा. नंबर खोडून दुसरा ठोकणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि चोरीच्या गाड्या पचवण्याची हीच पद्धत असल्याने पोलीस त्याच नजरेने पाहतात. मूळ ठशाच्या खाली धातू दबलेला असतो, घासून काढला तरी न्यायवैद्यक तपासणीत तो उमटवता येतो.

८. भंगारातून इंजिन घेताना काय पाहायचं?

आपल्या भागात निवड कमी. त्यामुळे लोक मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातात किंवा नांदेड-देगलूरकडचे हैदराबाद गाठतात. कुठेही जा, शक्यतो गाडीत बसलेलं, चालू करून दाखवता येणारं इंजिन शोधा. जमिनीवर पडलेल्या इंजिनाबद्दल विकणारा जे सांगतो ती फक्त गोष्ट.

जमिनीवरचंच घ्यावं लागलं तर ऑइलची टोपी उघडा. आतून दुधासारखा पिवळट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. तळाचा नट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. चकाकी दिसली तर बेअरिंगचा धातू उतरलाय, तिथून निघा. क्रँकपुली पान्याने पूर्ण दोनदा फिरवा, कुठे अडकता कामा नये. पुली हाताने आत-बाहेर हलवून पाहा, खडखडली तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. प्लग काढून चारही एका ओळीत मांडा: एक वेगळा दिसला तर त्या सिलिंडरची चौकशी. पाण्याच्या पाइपांची तोंडं पाहा. ही इंजिनं अ‍ॅल्युमिनियमची आहेत, आणि कूलंटऐवजी साधं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात ही तोंडं किडलेली असतात. तिथे कितीही क्लॅम्प आवळला तरी गळती थांबत नाही.

कॉम्प्रेशन गेज स्वतःचं न्या. आणि नंबरचा फोटो काढून, ते ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदाशी तिथेच जुळवा. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडून फुकटही घेऊ नका.

बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, दोन्ही बाजूंचे ऑइल सील आणि क्लच प्लेट नवीन घाला. इंजिन बाहेर असताना हे तासाभराचं काम आहे. बसल्यावर त्यासाठी दिवस जातो.

९. हाफ इंजिन घेऊ की पूर्ण?

त्याच जातीचं बदलताय तर हाफ चालेल, बाकी सामान तुमचंच लागेल. जात बदलत असाल तर पूर्ण घ्या, आणि पूर्ण म्हणजे वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा संगणक), सगळे सेन्सर, अल्टरनेटर, स्टार्टर, एसीचा ब्रॅकेट, एक्सिलरेटर केबल, फाउंडेशन, गिअरबॉक्स, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि चावी. जमलं तर अख्खी अपघाती गाडीच घ्यावी. सुटे नटबोल्ट आणि ब्रॅकेट शोधत फिरण्यात जे पैसे जातात ते कुणीच वहीत लिहीत नाही.

१०. माझी झेन कार्बोरेटरची. एमपीएफआय इंजिन घातलं तर नुसती वायरिंग ओढायची ना?

याच "नुसती" शब्दावर कामं अडकतात. इंजिन दोन दिवसांत बसतं. मग गाडी कोपऱ्यात उभी राहते, ती वायरिंगमुळेच.

पेट्रोलपासून सुरुवात करू. कार्बोरेटरला इंजिनावरचा यांत्रिक पंप पुरतो, त्याला अगदी कमी दाब लागतो. इंजेक्टरला साधारण अडीच-तीन बार दाब लागतो, म्हणजे टाकीतला इलेक्ट्रिक पंप, त्या दाबाचे पाइप आणि परतीची लाइन. जुन्या टाकीत बाहेरून पंप लावण्याचा जुगाड चालतो, पण टाकी पाव असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि गाडी भर वळणावर गप होते. एमपीएफआय झेनची टाकी घालणं हाच खरा उपाय. कार्बोरेटरचे जुने रबरी पाइप या दाबाला लावू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडाला तर विझवायला वेळ मिळत नाही.

वायरिंग: इंजिनाची हार्नेस (तारांचा जुडगा) मूळ गाडीतून न कापता काढा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. झेनच्या जुन्या वायरिंगशी तिची भेट फार थोड्या ठिकाणी होते: बॅटरीचा थेट करंट, चावीचा करंट, स्टार्टर, पंपाचा रिले, मीटरच्या तारा, एसी आणि अर्थिंग. एवढंच. हे जोड झाळून त्यावर स्लीव्ह चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हात एक उन्हाळा टिकतो, मग टेपचा गोंद वितळतो आणि गाडी मधूनच बंद पडायला लागते. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा करंट एक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

चेक इंजिनचा दिवा मीटरमध्ये जोडूनच घ्या. "तो पेटतो म्हणून काढून टाकला" हे ऐकलं की काम परत उघडावं लागणार हे कळतं.

११. सगळं जोडलं. स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही.

नंतरच्या मारुतींमध्ये आयकॅट्स नावाची चोरीविरोधी यंत्रणा आहे. ईसीएम, चावी आणि चावीभोवतीचं युनिट यांची एकमेकांशी ओळख असते. तिघांतला एक जरी दुसऱ्या गाडीचा असला तरी पेट्रोल किंवा स्पार्क मिळत नाही. म्हणूनच प्रश्न ९ मध्ये चावी लिहिली आहे. ही यंत्रणा नसेल तर पंपाचा आवाज, क्रँक किंवा कॅम सेन्सर आणि अर्थिंग, या क्रमाने शोधा.

१२. गिअरबॉक्स झेनचाच ठेवला तर चालेल?

चालतो. लहान इंजिनाचा गिअरबॉक्स जवळच्या गिअरिंगचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरवणारा असतो, त्यामुळे शहरात गाडी उसळते आणि हायवेला पाचव्यात इंजिन ओरडत राहतं. इंजिनासोबतचा गिअरबॉक्स घेतला तर उलट. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्टार्टर एकाच सेटमधले ठेवा. ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्सशी आणि बाहेरचं हबशी जुळलं पाहिजे. दोन वेगळ्या गाड्यांचं असेल तर दोन शाफ्टचा मिळून एक करावा लागतो. तो वेल्डिंग करून देणारे लेथवाले भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जा. शाफ्ट वेगात तुटला तर काय होतं हे पाहायची गरज नाही.

१३. मे महिन्यात गाडी तापते. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, ठीक आहे ना?

ठीक नाही, पण मराठवाड्यात ही पद्धत इतकी रुळलीय की दर उन्हाळ्यात सांगावं लागतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं. एमपीएफआयचा ईसीएम पाण्याचं तापमान बघून पेट्रोल ठरवतो. त्याला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. आणि ४२-४३ अंशांत जाममध्ये उभी राहिलेली गाडी तापते ती तापतेच, कारण कारण वेगळंच होतं.

खरी कारणं बहुधा तीन. पहिलं, झेनचा रेडिएटर झेनच्या इंजिनापुरता आहे. १.३ घातलंत तर एस्टीमचा रेडिएटर आणि त्याचाच पंखा घाला, पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणासकट. आवरण नसेल तर पंखा रेडिएटरच्या मधल्या गोल भागातूनच हवा ओढतो. दुसरं, बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि क्षारमुक्त पाणीच वापरा, एकदा इंजिन बदललं की सगळी लाइन धुऊन घ्या. तिसरं, लाइनमध्ये अडकलेली हवा. पाणी भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

काटा वर जाताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला. "जालन्यापर्यंत पोचू" म्हणून रेटली तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडू नका, त्यावर गार पाणी ओतू नका.

१४. इंजिन झालं. ब्रेक नंतर केले तर चालतील?

आम्ही ब्रेक आधी करतो, इंजिन नंतर. गाडी १.३ ची झाली तर ब्रेकही १.३ च्या गाडीचे: पुढच्या डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर एकमेकांशी जुळणारे. नुसती मोठी डिस्क घालून मास्टर सिलिंडर जुना ठेवला तर पॅडल खोल जातं. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की सततच्या ब्रेकिंगमध्ये उकळतं. कन्नडचा घाट उतरताना पॅडल स्पंजासारखं लागणं म्हणजे हेच.

पुढे वजन वाढलं की स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरही त्या वजनाचे हवेत, आणि शेवटी अलाइनमेंट.

समृद्धी महामार्गावर "एकदा पळवून बघू" म्हणणारे फार. तिथेही कारला ताशी १२० चीच मर्यादा आहे. सलग सिमेंटचा रस्ता, मे महिना आणि दहा वर्षांचे टायर हे एकत्र आले की टायर फुटतो. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर वेगासाठी वापरू नका. हवा थंड टायरमध्ये भरा.

१५. विम्याला कळवावं लागतं का?

हो, कोणताही इंजिनबदल कळवावा लागतो. नोंदलेला, त्याच जातीचा बदल असेल तर नव्या आरसीची प्रत देऊन पॉलिसीत नंबर बदलून घ्या. तो राहिला की अपघातानंतर सर्व्हेअर आधी नंबर जुळवतो आणि क्लेम तिथेच अडकतो. न नोंदलेला बदल असेल तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाण्याची पूर्ण तयारी ठेवा. समोरच्याला इजा झाली तर प्रकरण त्याहून महाग पडतं: न्यायाधिकरण कंपनीला भरपाई द्यायला लावून ती तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं.

१६. पीयूसी निघेल का?

गाडी ज्या काळातली, त्या मर्यादा लागतात. भारत स्टेज २ (धुराच्या मानकाचा टप्पा) च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम. भारत स्टेज २ आणि ३ ला ०.५ टक्का आणि ७५० पीपीएम. एमपीएफआय नीट जोडलं असेल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असेल तर अडचण येत नाही. तो "हवा मोकळी करायला" काढून टाकला असेल तर येते. पीयूसी निघालं म्हणजे इंजिनबदल मान्य झाला असा अर्थ होत नाही, तो प्रश्न ४ चा विषय.

१७. माझ्या आरसीवर पेट्रोल/सीएनजी आहे. इंजिन बदललं तर किट तसंच चालेल?

किटची मान्यता गाडीच्या मॉडेलनुसार असते. त्याच जातीचं इंजिन आलं तर किट पुन्हा ट्यून करून, गळती तपासून आणि टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) मुदतीत आहे ना हे पाहून वापरता येतं. दुसरं इंजिन असेल तर ते किट त्याच्यासाठी मान्य नाही. आणि खरं सांगायचं तर मोठं इंजिन घालून त्यावर गॅस जोडणाऱ्याला नक्की काय हवंय हेच मला कळत नाही.

१८. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय?

पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, या गाड्या त्या काळाच्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडा पडणार. एमपीएफआय ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने मिश्रण काही प्रमाणात सावरून घेतं. कार्बोरेटरला ते जमत नाही, तिथे जेट बदलावा लागू शकतो. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं किंवा चिरतं, ते इथेनॉल चालणारं घाला. गाडी महिनोन्महिने उभी ठेवत असाल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

१९. माझ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया २.० पेट्रोल आहे, आपल्या शेंद्र्यातच जोडलेली. तिच्यात आरएसचं १.८ टर्बो बसेल का?

शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये ऑक्टाव्हियापासूनच सुरू झाला, त्यामुळे संभाजीनगरकरांचं या गाडीशी वेगळंच नातं आहे. आपल्याकडे आलेल्या आरएसमध्ये (ऑक्टाव्हियाच्याच टर्बोवाल्या मॉडेलमध्ये) १५० अश्वशक्तीचं टर्बो होतं आणि बॉडी तीच, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. पण इथे ईसीएम, मीटर आणि चावी यांचं लग्न मारुतीपेक्षा घट्ट आहे, इंटरकूलर आणि त्याचे पाइप वेगळे, ब्रेक वेगळे. अख्खी आरएस तोडायला मिळाली तरच विचार करावा. आणि आरएस अख्खी मिळत असेल तर ती तोडायची कशाला? तीच नीट करा. कायद्याचं उत्तर इथेही प्रश्न ४ चंच.

२०. जपानमधून ट्विन कॅम इंजिन मागवता येईल का?

सुझुकीच्या स्विफ्ट जीटीआयचं १.३ ट्विन कॅम शंभरेक अश्वशक्तीचं होतं आणि गंमत म्हणजे त्याचं नावही जी१३बीच. त्यामुळे "जी१३बी आहे" एवढ्यावर पैसे पाठवू नका, हेडचा फोटो मागा: दोन कॅम दिसले पाहिजेत. वापरलेला माल आयात करायला परवानगी लागते. कुणी "कंटेनरमधून आलंय" म्हणत असेल तर कस्टमचे कागद मागा. शिवाय त्याचं हेड गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह सील उद्या लागलं तर परभणीत काय, मुंबईतही हातात पडणार नाही.

२१. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली. पुन्हा पासिंगच्या वेळी अडचण येईल का?

पहिली झेन २००६ ला आणि एस्टीम २००७ च्या शेवटी बंद झाली, म्हणजे या सगळ्याच गाड्या आता दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या फेऱ्यात आहेत. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ मध्ये ती १०,००० केली. या तपासणीत इंजिन आणि चॅसी नंबर दोन्ही जुळवतात. नंबर जुळत नसेल तर गाडी तिथेच नापास. इंजिन बदलायचंच असेल तर प्रश्न ६ चं काम नूतनीकरणाच्या तारखेच्या बरंच आधी उरका.

२२. जुनं इंजिन भंगारात देऊ का?

नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर छापून हातात येईपर्यंत नाही. तोवर तुमच्या गाडीची कागदावरची ओळख त्या जुन्या ब्लॉकवरच आहे. ऑइल काढून घ्या, प्लगच्या भोकांतून थोडं ताजं ऑइल टाका, प्लग परत लावा, तोंडं कापडाने बंद करा आणि टायरवर आडवं न ठेवता सरळ ठेवा. ट्रॅकची गाडी असेल तर कायमच ठेवा. ती कधी रस्त्यावर आणायची म्हटलं तर तेच परत बसवावं लागेल. नोंद झाल्यावर विकणार असाल तर तुम्हीही बिल द्या, नंबर लिहून, आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा.